अठरा झाले, आता पत्ता काय लिहू?

एप्रिल २०२०. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, फोन वाजला. "ताई, एका माणसाला तांदूळ किती घ्यायचे?"

मला आधी कळेचना हा काय विचारतोय. मग लक्षात आलं आणि पोटात कालवलं. हा मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून बालगृहात वाढलेला. तिथे ऐंशी पोरांचा भात एकाच पातेल्यात शिजायचा, मावशी घमेल्याने तांदूळ ओतायच्या, घंटा झाली की ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, बस. वाटीचं माप त्याला कोण शिकवणार होतं? अठरा झाल्यावर बाहेर पडला तो थेट एका हॉटेलात कामाला लागला, खाणं तिथेच, झोपायला कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं देऊन, एक जागा. लॉकडाऊन लागला, हॉटेल बंद, खोलीतले बाकीचे तिघं आधीच आपापल्या घरी निघून गेलेले. हा कुठे जाणार होता?

एक वाटी घे म्हटलं, दोन पाण्यातून धू, आणि तांदळाच्या वर बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी घाल. त्याने फोन ठेवलाच नाही. मध्येच विचारायचा, "ताई वाफ येतीये, झाकण काढू का?" वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तसेच, तो शेगडीपाशी आणि मी माझ्या ओट्यापाशी. नंतर मला कळलं की भात हे निमित्त होतं, दोन दिवस तो कुणाशीच बोलला नव्हता.

आम्ही चार-पाच जणं रविवारी एका बालगृहात दहावीच्या मुलांना गणित-इंग्रजी शिकवायला जायचो, ही ओळख तिथली. आपल्याकडे फॉस्टर केअर म्हणजे दुसऱ्या कुटुंबात वाढणारी मुलं तशी थोडीच, बहुतेक सगळी संस्थेतच वाढतात. अठरा पूर्ण झाले की कायद्याने ती बालक राहत नाहीत, संस्था सोडावी लागते. कायद्यात पुढची सोय आहे, नाही असं नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा आणि त्याचे नियम २१ पर्यंत, अगदी गरज असेल तर २३ पर्यंत मदत देता येते म्हणतात, त्यासाठी अनुरक्षण गृहं आहेत, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांना राहायची जागा. पण आमच्या ओळखीच्या पोरांपैकी बहुतेकांना अनुरक्षण गृह हा शब्दसुद्धा बाहेर पडल्यावर कळला, आणि मुलींसाठी जागा शोधायला गेलं की किती फोन करावे लागतात ते मी स्वतः केलंय.

३ एप्रिल २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेऊन बालगृहांतल्या मुलांना कोरोनापासून कसं सांभाळायचं याच्या सूचना दिल्या, ते फार गरजेचं होतं. पण सहा महिन्यांपूर्वी त्याच दारातून बाहेर पडलेला साडेअठरा वर्षांचा मुलगा त्यात कुठे बसतो?

आणि सगळीकडे पत्ता विचारत होते! फुकट तांदूळ आला तो रेशन कार्डावर, याचं कार्डच नाही कारण कार्ड कुटुंबाचं असतं. आधारवर पत्ता संस्थेचा, जिथे त्याला आता राहता येत नाही. खोलीचं ॲग्रीमेंट नाही, कॉट बेसिसवाल्याला कोण ॲग्रीमेंट करून देतं. शिवभोजन थाळी तेव्हा पाच रुपयांना केली होती, तिथे कुणी कागद मागत नव्हतं, म्हणून दुपारचं जेवण तरी निघायचं.

बाहेर पडलेल्या अशा पोरांना आम्ही सुरुवातीला किराण्याचं किट द्यायचो. तेल, डाळ, साबण वगैरे. एका मुलीने धीर करून सांगितलं की ताई डाळ आहे हो, रिचार्ज नाहीये, आणि भाडं दोन महिने थकलंय. तेव्हापासून किट बंद केलं आणि थेट खात्यात पैसे टाकायला लागलो, काय आणायचं ते त्यांचं ते ठरवतील. आणि दर बुधवारी फोन, काम असो नसो. मला विचाराल तर पैशापेक्षा त्या बुधवारच्या फोनने जास्त काम केलं.

अजून एक गोष्ट लिहायचीच आहे. संस्थेतल्या खूप मुलांची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नसते. डॉक्टर तपासून वय ठरवतात आणि कागदावर कुणीतरी एक तारीख लिहितं, आमच्या एका मुलीची १ जून. म्हणजे कुणीतरी सोयीने लिहिलेल्या तारखेला, १ जून २०२० ला, ती अठराची झाली, बारावीचा निकालही लागायचा होता, बाहेर ना एसटी धड चालू ना कुठलं हॉस्टेल. बालगृहाच्या मॅडमनी तिला सांगितलं, "तू मावशींना मदतीला थांब, मी बघते काय ते." त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर तिला ठेवून घेतलं. वरून विचारणा झाली असती तर त्याच अडचणीत आल्या असत्या. एका बाईच्या चांगुलपणावर एवढी मोठी गोष्ट अवलंबून असावी याचा मला आजही त्रास होतो.

पुढच्या वर्षी, मे २०२१ ला, कोरोनात आईवडील गेलेल्या मुलांसाठी पीएम केअर्सची योजना आली. त्यात अठरा झाल्यावर पुढची पाच वर्षं दरमहा पैसे आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख. आपल्या राज्यानेही पाच लाखांची ठेव दिली. त्या लेकरांना ते मिळायलाच हवं. मी फक्त एवढंच म्हणतेय की अठराव्या वर्षी कुणी आपल्या पायावर उभं राहत नाही, तेवीस तरी लागतात, हे सरकारलाही माहीत आहे. मग आधीपासून अनाथ असलेल्यांना वेगळं माप का? २०२२ मध्ये मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत अनुरक्षणासाठी महिना चार हजार ठरले, चांगलं झालं, पण ते मुलांपर्यंत पोचवायला कुणीतरी मागे लागावं लागतं. राज्यात अनाथांना एक टक्का आरक्षण मिळालं २०१८ ला, तेही गोव्यातल्या अनाथाश्रमातून अठराव्या वर्षी बाहेर पडून पुण्याच्या स्टेशनवर रात्र काढलेल्या अमृता करवंदे या मुलीने चिवटपणे पाठपुरावा केला म्हणून.

तो भातवाला मुलगा आता एका कँटीनमध्ये आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. परवा आला होता, ॲग्रीमेंटचा कागद दाखवायला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलेला. स्वतःच्या नावापुढचा पत्ता त्याने मला मोठ्याने वाचून दाखवला, पिनकोडसकट.

या जूनमध्ये अजून दोघी बाहेर पडतायत. पुण्यात हडपसर किंवा मांजरीच्या बाजूला दोघींना मिळून एक खोली हवी आहे, रीतसर ॲग्रीमेंट करून देणारे घरमालक हवेत. डिपॉझिट आम्ही भरतो. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा, आणि बघायला येतील तेव्हा आईवडील कुठे असतात हे त्यांना नका विचारू, मला विचारा.