सॅल्मन पोहोचतो तिथपर्यंत

नॉर्वेत गुडवांगेनला बोटीत चढलो तेव्हा पाऊस बारीक होता, वारा मात्र बोचरा. नॅरॉयफ्योर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम २५० मीटर रुंद. दोन्ही बाजूंचे कडे इतके सरळसोट की माथा बघताना माझी टोपी मागच्या मागे पडली.

पुढे आउरलांडफ्योर्डला वळल्यावर कड्याच्या मध्यावर एक शेतघर दिसलं. स्टीगेन, म्हणजे शिडी. सारावसुलीवाला येताना दिसला की घरचे लोक शिडी वर ओढून घेत, असं सांगतात. कुठल्याही गावात खपेल अशी गोष्ट!

आमच्या सह्याद्रीत निदान घाटवाटा तरी आहेत. इथे शेजारच्या गावाला जायचं तर होडीच काढायची. नॉर्वेत शेतजमीन आजही जेमतेम तीन टक्के. त्यामुळे पोरगं नांगराआधी वल्हं धरायला शिकलं असणार. देशाच्या नावाचा अर्थही ‘उत्तरेची वाट’, आणि ती वाट पाण्यावरची, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी.

याच सवयीवर फौज उभी राहिली. दहाव्या शतकात हाकोन राजाने ‘लाइडांग’ची, म्हणजे लोकांकडून उभ्या केलेल्या आरमाराची घडी बसवली असं जुन्या राजकथा सांगतात. किनाऱ्याचे विभाग पाडायचे आणि प्रत्येकाने ठरलेली जहाजं, माणसं आणि शिधा द्यायचा. आत कुठवर? नदीत सॅल्मन मासा चढतो तिथवर. सरहद्द माशाने ठरवावी, हे मला फार आवडलं. जहाजंही तशीच बेताची: १८८० मध्ये उकरून काढलेलं गोकस्टाडचं व्हायकिंग जहाज सुमारे २३ मीटर लांब, ३२ वल्ह्यांचं. फळीवर फळी चढवून बांधलेलं, लाटेबरोबर लवणारं, उथळ खाडीतही शिरणारं.

मग डोंगर नुसते आडवेच आले का? तर नाही. माथ्यामाथ्यावर लाकडं रचून ठेवलेली असत. शत्रूची गलबतं दिसली की पेटवायची. एक जाळ बघून पुढचा. दक्षिणेची खबर सात रात्रींत उत्तर टोकाला जाई, म्हणे.

पण लोक घाबरून उगाचच जाळ करू लागले. वल्ही टाकून, शेतं सोडून माणसं धावत यायची आणि समोर रिकामा समुद्र. हाकोन चिडला, त्याने शिक्षा ठोठावल्या. पुढे त्याचे पुतणे खरोखरच आरमार घेऊन चालून आले, तेव्हा शिक्षेच्या धास्तीने एकानेही लाकडं पेटवली नाहीत.

फ्लॉमला उतरलो तेव्हा माथे ढगात बुडाले होते. अशा हवेत जाळ दिसला तरी असता का, कोण जाणे.