परसातली जाळी

अमळनेरच्या आमच्या घरामागे कडुनिंबाच्या सावलीतले परस आहे आणि तिथे सासूबाईंच्या पाच गावरान कोंबड्या व एक कोंबडा असा कारभार कित्येक वर्षे सुरळीत चालला होता. दोन वर्षांपूर्वी धाकट्या मुलाने जळगावच्या बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी आणली, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे घर करावे, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. खुराडे ऐसपैस होते, कुंपण पक्के होते आणि मेथीची देठे खाणारे दोन मुके जीव कोंबड्यांना कसला त्रास देणार, असा माझा हिशेब होता. सासूबाई ओट्यावर बसून बराच वेळ सशांकडे पाहत राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "कोंबडीले चोच शे, ससाले डोया शेतस. ध्यान ठेव." म्हणजे, कोंबडीला चोच आहे, सशाला डोळे आहेत. मी ते मनावर घेतले नाही. मला भीती कोंबड्याची होती आणि पहिला आठवडाभर तो सशांच्या वाटेला गेलाही नाही.

भांडण झालेच नाही, म्हणून सगळे ठीक आहे असे मी समजत होते. पहिली अडचण आली ती ताटावरून. कोंबड्यांसाठी घमेल्यात ठेवलेले अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य सशांना फार आवडले आणि गवताकडे पाठ फिरवून ते सकाळ-संध्याकाळ घमेल्यापाशी बसू लागले. मला त्याचे कौतुकच वाटत होते. पुढे नराची लघवी चुन्याच्या निवळीसारखी घट्ट व पांढरी दिसू लागली आणि तो पाठ वाकवून एका कोपऱ्यात बसून राहू लागला, तेव्हा त्याला टोपलीत घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. अंड्याचे कवच घट्ट व्हावे म्हणून त्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम घातलेले असते. कोंबडी ते कवचात खर्च करते. ससा मात्र गरज न पाहता खाण्यातले बरेचसे कॅल्शियम रक्तात ओढून घेतो आणि जास्तीचे लघवीवाटे टाकत राहतो, त्यातून मूत्राशयात गाळ साचतो. शिवाय दाणा जास्त आणि चोथा कमी झाला की त्याच्या पोटातल्या जंतूंचे सगळे गणितच बिघडते. डॉक्टरांनी आणखी एक ताकीद दिली, ती मी आजही विसरलेले नाही: कोंबड्यांच्या पाण्यात कधी औषध टाकाल तर ते पाणी सशांपासून लांब ठेवा, कारण अमॉक्सिसिलिनसारखे साधे वाटणारे औषध तोंडावाटे गेले तर सशाच्या जिवावर बेतू शकते. एकाच मडक्यातून सगळ्यांना पाणी पाजण्यात मी जी काटकसर मानत होते, तिची मला त्या दिवशी लाज वाटली.

मग मी भांडी वेगळी केली, पण घड्याळ वेगळे करता येईना. कोंबडी दिवेलागणीला दांडीवर चढली की तिचा दिवस संपतो. ससा नेमका तेव्हाच जागा होतो. पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या हुंदडण्याच्या वेळा. रात्री दांडीवरून पडणारी विष्ठा खाली फिरणाऱ्या सशांच्या पाठीवर पडायची आणि त्यांच्या धावपळीने दचकलेल्या कोंबड्या अंधारात फडफडून एकमेकींवर आदळायच्या. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, त्यामुळे ओल्या विष्ठेत सतत उभे राहावे लागले तर टाचा सोलवटतात. मादीच्या टाचेवरचे केस गेलेले आणि कातडी लाल झालेली मला दिसली, तेव्हा मी तूस रोज बदलायला लागले. रोज सकाळी नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतच होता आणि ससा श्वास मुख्यतः नाकानेच घेत असल्याने त्याच्या शिंका थांबेनात.

खान्देशातला उन्हाळा तर या सगळ्यावरचा कळस. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ससा तिशीच्या पुढेच कासावीस होऊ लागतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्या लांब कानांचाच काय तो आधार. म्हणून मी खुराड्यावर ओले गोणपाट टाकले आणि सशांसाठी फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. बाटल्यांना टेकून बसल्या त्या कोंबड्याच. गोणपाटाखालची गार माती त्यांनी इतकी उकरली की आजूबाजूला सगळा चिखल झाला, आणि उरलेल्या कोरड्या जागेत पंख फडफडवत त्यांची धुळीची अंघोळ सुरू झाली. एकाला कोरडे व शांत हवे, दुसरीला उकरायला माती हवी, आणि मी मात्र दोघांनाही एकाच पाण्याने गार करू पाहत होते.

खरी चूक पदरात पडली ती पावसाळ्याच्या सुरुवातीला. आपल्या कापसाच्या शेतांत दिसणारा रानससा आणि हा पाळीव ससा यांना मराठीत आपण एकच नाव दिले आहे, पण रानसशीची पिल्ले अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून उघड्यावर जन्मतात, तर हिची पिल्ले उघडी-नागडी आणि आंधळी असतात आणि त्यांचे डोळे साधारण दहाव्या दिवशी उघडतात. महिन्याभराच्या गाभणकाळानंतर मादीने खुराड्याखाली बीळ उकरले, स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यात मऊ गादी घातली आणि पाच पिल्ले दिली. ती त्यांना दिवसातून जेमतेम एकदा पाजते आणि एरवी बिळाचे तोंड बुजवून दूर राहते. कोंबडीला यातले काय कळणार? भुसभुशीत, ताजी उकरलेली माती दिसली की तिचे पाय आपोआप चालू लागतात. सकाळी मी दाणे टाकायला गेले तेव्हा केसांची ती गादी अंगणभर पसरली होती, दोन पिल्ले निपचित पडली होती आणि तिसऱ्याच्या पापणीवर चोचीची खूण होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी उरलेली पिल्ले पदरात घेतली आणि घरात नेली. कोंबड्यांवर मला राग धरता आला नाही. कोंबडीसारखेच कोंबडी वागली होती. बिळावर लक्ष ठेवायचे काम माझे होते.

शेजारच्या काकूंनी नंतर विचारले, कोंबड्यांचा रोग सशांना लागतो का? थोडे खरे, थोडे खोटे, असेच उत्तर द्यावे लागले. दोघांनाही रक्ती हगवण होते, पण त्यामागचे जंतू एकाच कुळातले असूनही कोंबडीचे कोंबडीपुरते आणि सशाचे सशापुरते राहतात. पाश्चुरेला आणि साल्मोनेला हे जिवाणू मात्र हा भेद पाळत नाहीत. रोगाचे नाव निघाले की आमच्याकडे म्हातारी माणसे आपसूक गप्प होतात, कारण फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू आमच्याच खान्देशात, नवापूरला सापडला होता.

शेवटी परसाच्या मधोमध जाळी घालायचे ठरले. दुकानदाराने कोंबडीची म्हणून जी षटकोनी बारीक तारेची जाळी दिली, ती सशांनी थोड्याच दिवसांत कुरतडली, कारण त्यांचे दात जन्मभर वाढत असतात आणि झिजवायला त्यांना काहीतरी लागतेच. मग जाड तारेची वेल्ड केलेली जाळी आणली. ती जमिनीत फूटभर गाडायची आहे असे सांगितल्यावर गवंडी हसून म्हणाला, "ताई, सशासाठी पण पाया खोदायचा का?" खोदला. खुराड्याच्या बाजूची विष्ठा आता सहा महिने कुजवून वांग्यांना जाते. सशांच्या लेंड्या तशाच टाकल्या तरी रोप जळत नाही, म्हणून भरताच्या वांग्यांची पुढची ओळ मी मुद्दाम जाळीच्या त्यांच्या बाजूला लावली आहे.

वाचलेल्या तीन पिल्लांतले एक, पापणीवर खूण असलेले, आता चांगले मोठे झाले आहे. दिवेलागणीला काळी कोंबडी दांडीवर जाण्याआधी जाळीपाशी थांबते आणि एखादे मेथीचे देठ पलीकडून ओढू पाहते. ते पिल्लू दुसरे टोक सोडत नाही. सासूबाई ओट्यावरून पाहतात आणि कोंबडीला हाक मारतात.