जीपवर हाय-लिफ्ट जॅक लावायचा तर कुठे आणि कसा

अमेरिकेतल्या युटामध्ये राहायला आल्यापासून मोआब गावाकडचे ट्रेल, म्हणजे खडकाळ कच्चे रस्ते, चांगलेच अंगवळणी पडलेत आणि तिकडचे फोटो टाकले की तुमच्यापैकी कोणीतरी हमखास विचारतं, जीपच्या मागे तो भोकं पाडलेला लांब दांडा कसला आहे. तर तो हाय-लिफ्ट जॅक. आज त्याच्याबद्दलच लिहितोय, आणि जरा सविस्तर लिहितोय कारण थार किंवा जिम्नी घेतलेले बरेच मित्र आता असाच जॅक लावायचा म्हणतायत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न "कुठे लावू" हा असतो. माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे, तुमची गाडी ह्या जॅकने उचलणार कुठून?

आधी जॅकबद्दल थोडं. इंडियानामधल्या ब्लूमफील्ड गावातली कंपनी १९०५ पासून हा बनवतेय आणि मूळ रचना जवळजवळ तशीच आहे. एक उभा लोखंडी दांडा, त्याला ओळीने भोकं, आणि हँडल मारलं की दोन पिना आळीपाळीने एकेक भोक वर चढत जातात. ३६, ४२, ४८ आणि ६० इंच अशा साइज येतात, ट्रेलवर सगळ्यात जास्त ४८ चा दिसतो, वजन साधारण १३ किलो. रेटेड क्षमता ४,६६० पौंड, म्हणजे २,१०० किलोच्या आसपास. गाडीबरोबर येणारा छोटा जॅक रस्त्यावरच्या पंक्चरसाठी असतो, सस्पेन्शन उंच करून ३५ इंची टायर टाकले की तो पुरतच नाही. हाय-लिफ्टने चाक चरातून वर घेता येतं, खाली दगड भरता येतात, आणि चेन असेल तर हळूहळू गाडी ओढताही येते, फक्त एका खेचण्यात चार फुटांपेक्षा कमीच सरकते आणि मग परत सगळं नव्याने लावायचं.

इथे ह्याची गरज का पडते तर अंतरं. कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमधला व्हाइट रिम रोड सुमारे १०० मैलांचा आहे, परमिट काढावं लागतं, वाटेत प्यायचं पाणी नाही, फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. तिथे अडकलात तर मदत यायला किती वेळ लागेल ह्याचा भरवसा नाही, जे गाडीत आहे त्यावरच भागवायचं.

आता उचलायची जागा. जुन्या जीपना सरळ जाड लोखंडी बंपर असायचे, जॅकची जीभ, म्हणजे पुढे आलेला उचलणारा भाग, त्याखाली घातली की काम झालं. आजच्या बहुतेक गाड्यांना पुढे-मागे प्लास्टिक असतं, तिथे जॅक लावलात तर बंपर फुटेल आणि गाडी घसरेल ती वेगळीच. म्हणून आधी स्टीलचा बंपर किंवा चॅसीला पक्के बसवलेले रॉक स्लायडर (दारांखालचे जाड लोखंडी पाइप) हवेत, नाहीतर चाकाच्या रिममध्ये दोन हुक अडकवणारं लिफ्ट-मेट नावाचं अटॅचमेंट घ्या. मला तर लिफ्ट-मेट सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण बंपरला धरून गाडी उचलली की सस्पेन्शन लोंबत जातं आणि बॉडी दोन फूट वर गेली तरी चाक आपलं जमिनीलाच, आणि गाडी तेवढी उंच म्हणजे तेवढी डुगडुगणार. हुक लावले की सरळ चाकच उचललं जातं. पंक्चर काढायला मात्र ह्याचा उपयोग नाही, कारण चाक हुकांवरच तोललेलं असतं, त्यासाठी अॅक्सलखाली लावायचा बॉटल जॅक बरोबर ठेवाच.

हे जमलं की मग माउंटिंग. इथे बोनेटवर आडवा जॅक लावलेल्या जीप खूप दिसतात, फोटोत भारी दिसतं, पण मला ती जागा पटत नाही. उतारावर पुढचं चाक नेमकं कुठे ठेवायचं हे बोनेटच्या कडेवरून बघायचं असतं आणि बरोबर तिथेच जॅक आडवा येतो. शिवाय २०१८ पासूनच्या जेएल रँग्लरचं बोनेट अॅल्युमिनियमचं आहे, त्याच्या बिजागऱ्यांवर १३ किलोचं लोखंड कायम थडथडत राहावं हे मनाला पटत नाही. छतावरच्या रॅकवर लावला तर वजन वर जातं, आणि गाडी एका बाजूला कललेली असताना डोक्यावरून तो काढायचा म्हणजे फार अवघड काम. गाडीच्या आत ठेवला तर तो स्वच्छ राहतो हा मोठा फायदा, पण डिकीतल्या मूळच्या कड्यांना रॅचेट पट्ट्याने घट्ट बांधला पाहिजे, लवचिक दोरीने अजिबात नाही. गाडी उलटली तर सुटा जॅक आत बसलेल्याचा जीव घेऊ शकतो.

मागच्या दारावरच्या स्पेअर टायरजवळ लावायचा मोह सगळ्यांना होतो. जरा हिशेब करा, ३५ इंची टायर आणि रिम मिळून वजन आधीच भरपूर झालेलं असतं, त्यात जॅकची भर, आणि हे सगळं दाराच्या बिजागऱ्यांवर. काही महिन्यांत दार खडखडायला लागतं, बंद करताना थोडं उचलून लावावं लागतं. म्हणून मी मागच्या स्टील बंपरला जोडलेला टायर कॅरियर घेतला, ज्याचा भार दारावर न येता बंपरवर येतो, आणि जॅक त्या कॅरियरवर आडवा बसवलाय. गाडीची मागची बाजू धूळ ओढून घेते, तेवढा एक तोटा मान्य करून.

बसवताना काय बघायचं? दोन ब्रॅकेटमधलं अंतर जितकं जास्त ठेवता येईल तितकं ठेवा, दोन्ही मध्यावर घेतले तर दांड्याची टोकं हलत राहतात आणि बोल्ट सैल होतात. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) घ्या, पातळ पत्र्यामागे रुंद वॉशर हवाच, आणि नवीन भोक पाडलंत तर त्याच्या कडेला लगेच रंग लावा नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. नंबर प्लेट, वरचा ब्रेक लाइट आणि रिव्हर्स कॅमेरा झाकला जात नाही ना हे बोल्ट आवळायच्या आधी बघा. जीपचे बोल्ट बहुतेक मेट्रिक आणि टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे), जॅकच्या सामानाचे इंचात, त्यामुळे दोन्ही पाने आणि टॉर्क्स बिटं जवळ लागतात. हँडल दांड्यावर आपटून जो आवाज होतो त्याला रबरी हँडल कीपर येतो, एवढीशी वस्तू पण ती नसली तर दिवसभर डोकं उठतं. पहिल्या खडबडीत ट्रेलनंतर सगळे नट परत आवळा, ते थोडेफार सैल झालेलेच असतात.

बाकीच्या वस्तूंमध्ये मोठी बेस प्लेट सगळ्यात महत्त्वाची. जॅकचं मूळ पाऊल ४ बाय ७ इंच, वाळूत गाडी वर येण्याऐवजी तेच खाली जातं. प्लास्टिकची रुंद प्लेट घ्या किंवा जाड प्लायवूडचा तुकडाही चालतो. फावडं रबरी क्लॅम्पने कॅरियरच्या बाजूला, हातमोजे आणि चाकाला लावायच्या उटी लगेच हाताला लागतील अशा. ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खडबडीत पट्ट्या) असतील तर खरं सांगतो, वाळूत आधी टायरची हवा कमी करा, फावडं मारा, बोर्ड घाला, जॅक सगळ्यात शेवटी.

कारण हा जॅक माफ करत नाही. हँडल आणि दांड्याच्या मध्ये डोकं कधीही आणायचं नाही, पिन नीट बसली नसेल आणि हात सुटला तर हँडल जबड्यावर येतं. दिशा बदलायची खिटी हलवायच्या आधी हँडल दांड्याला चिकटून उभं करा. खाली घेताना प्रत्येक वेळी गाडीचं वजन हँडल वर ढकलत असतं, तेव्हा पकड जास्त घट्ट हवी. जॅकवर पुरेसं वजनच उरलं नाही तर तो टप्प्याटप्प्याने न उतरता धाडकन खाली येतो. मागचं चाक उचललंय तर नुसत्या हँडब्रेकवर किंवा पार्कवर विसंबू नका, दुसऱ्या टोकाच्या चाकांना पुढून मागून उटी लावा, आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) न्यूट्रलमध्ये असेल तर पार्क लावून काहीही उपयोग नाही. जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही.

देखभाल म्हणाल तर सगळा जीव त्या दोन पिनांमध्ये आणि त्यांच्या स्प्रिंगमध्ये आहे. धूळ बसली की पिन भोकात शिरत नाही आणि जॅक चढतही नाही, उतरतही नाही. मोआबची लाल वाळू ग्रीसला चिकटून तिचा लेप होतो, म्हणून मी ग्रीस लावत नाही, ब्रशने झाडून कोरडं लुब्रिकंट मारतो आणि त्या भागावर कापडी कव्हर चढवतो. नवीन बसवलात तर ट्रेलवर न्यायच्या आधी घरासमोर सपाट जागेत एकदा चाक उचलून खाली ठेवून बघा, आणि संध्याकाळी हातमोजे घालून टॉर्चच्या उजेडात जॅक ब्रॅकेटमधून काढून बघा. पान्याशिवाय निघत नसेल तर तिथले नट बदलून हाताने फिरवायचे मोठे नॉब लावा.