आधी गोदी, मग गेटवे

गेल्या फेब्रुवारीत पुण्याहून मावसभाऊ पोरांना घेऊन आला आणि आल्या आल्या विचारलं, दोन दिवसात मुंबई काय काय दाखवशील. मी ठरवूनच ठेवलं होतं की मरीन ड्राइव्ह, जुहू वगैरे सगळं नंतर, आधी गोदी. पोरांची तोंडं पडली जराशी. पण माझे आजोबा आयुष्यभर गोदीत कामाला होते आणि ज्या बाजूने हे शहर कमवून मोठं झालं ती पूर्वेची बाजू बघायला कोणी जातच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पहाटे पाचला ससून डॉकला गेलो. बगदादहून आलेल्या ज्यू ससून घराण्याने १८७५ साली बांधलेली ही गोदी, खास करून कापसासाठी, आणि आज तिथे मासेमारीचे ट्रॉलर लागतात. आपल्या कोळणी लिलाव पुकारतात, बाजूला बायका ओळीने बसून कोलंबी सोलतात, बर्फाच्या गाड्या ढकलणारे ओरडत अंगावर येतात. मराठी, हिंदी, तेलुगू सगळं एकदम कानावर पडतं. वास येतो, हो, येणारच, पण अर्ध्या मुंबईच्या दुपारच्या ताटातलं कालवण तिथून निघतं. छोटी पहिले पाच मिनिटं नाक धरून होती, मग एका मावशीने तिच्या हातात जिवंत चिंबोरी धरली आणि नाक सुटलं ते सुटलंच.

कापसाची गोष्ट मी त्यांना टॅक्सीत सांगितली, कारण त्याशिवाय मुंबई कळतच नाही. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि सगळी मागणी आपल्याकडे वळली. वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबईत, मुंबईतून बोटीने लँकेशायरला. पैसा इतका आला की लोक समुद्र भरून जमीन करायच्या कंपन्यांचे शेअर डोळे झाकून घ्यायला लागले, मग युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १८६५ मध्ये कित्येक घरं बुडाली. पण तोवर शहराला बंदराची चटक लागलेली. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, युरोप जवळ आला, १८७३ ला पोर्ट ट्रस्ट झाला, १८८० ला प्रिन्सेस डॉक, पुढे व्हिक्टोरिया डॉक, आणि १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आता इंदिरा डॉक म्हणतात. आजोबा तिथेच. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून बॅलार्ड इस्टेट उभी केली, म्हणजे त्या देखण्या दगडी इमारतींखाली गोदीचीच माती आहे. मला हे फार आवडतं.

आजोबा विजयदुर्गहून बोटीने आले, सतराव्या वर्षी. तेव्हा कोकणातून मुंबई म्हणजे बोटच. आज आपण घाटात 'गाडी लागली' म्हणतो ना, आमच्या घरी जुनी माणसं एसटीतसुद्धा 'बोट लागली' म्हणायची. गोदीत आजोबांची पाळी असायची, एका बोटीवर माणसांच्या टोळ्या, गोणीत अडकवायचा लोखंडी आकडा प्रत्येकाच्या हातात, आणि एक बोट रिकामी करायला दिवसच्या दिवस जायचे. गोदीबाहेरून जातो त्या पी. डिमेलो रोडचं नाव गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं आहे, रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

त्या रस्त्याने जाताना १४ एप्रिल १९४४ सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट, एकाच बोटीत कापूस, स्फोटकं आणि सोन्याच्या विटा, कापसाला आग लागली आणि दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, आसपासच्या वस्त्या जळाल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान आग विझवताना गेले, म्हणून १४ एप्रिलला देशभर त्यांचा दिवस पाळतात. सोन्याच्या विटा लांब लांब जाऊन पडल्या हे लोक मिटक्या मारत सांगतात, त्या ६६ जणांबद्दल कोणी बोलत नाही.

मग मशीद बंदर. खजूर, सुकामेवा, मसाले, हातगाड्या, माथाडी, कच्छी पेढीवाले. स्टेशनच्या नावातली मशीद म्हणजे बेने इस्रायली ज्यूंचं १७९६ चं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ, असं सांगतात, आणि ही माणसं घरात मराठी बोलणारी. एका गल्लीत एवढं सगळं आहे, आणि सगळ्यांना इथे आणलं ते बंदरातल्या धंद्याने.

भावाने विचारलं, मग आता गोदी ओस का? कारण कंटेनर. शंभर माणसांचं काम क्रेन करायला लागली, कंटेनर रचायला मोकळी जागा लागते, मोठ्या बोटींना खोल पाणी लागतं, शहराच्या पोटात अडकलेल्या जुन्या गोद्यांना ते जमणारं नव्हतं. १९८९ ला खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले. मुंबई बंदर बंद मात्र पडलेलं नाही, तेल जवाहर द्वीपाला उतरतं, गाड्या, स्टील, क्रूझ चालू आहे. पण हातांचं काम गेलं ते गेलं. बंदराची सुमारे १८०० एकर जमीन आहे या बाजूला, त्यावर काय काय होणार याच्या चर्चा वर्षानुवर्षं ऐकतोय. मला विचाराल तर तिथे समुद्राकाठी सगळ्यांना फुकट चालता येईल असा रस्ता हवा आणि वखारींच्या आसपास दोन-दोन पिढ्या राहिलेल्यांना तिथेच घर हवं, नुसते टॉवर झाले तर मला ते सहन होणार नाही.

दुपारी हार्बर लोकलने शिवडीला गेलो, भरतीची वेळ बघूनच, कारण पाणी फार लांब असेल तर फ्लेमिंगो नुसते ठिपके दिसतात. चिखलात हजारोंनी गुलाबी पक्षी, मागे अटल सेतू, बाजूला तेलाच्या टाक्या. पोरं पहिल्यांदा गप्प झाली.

संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर. आता मांडव्याला रो-रो जाते, गाडी बोटीत घालून तासाभरात पलीकडे. आमची आजी मात्र आषाढात कोणालाच बोटीत पाय ठेवू द्यायची नाही, १७ जुलै १९४७ ला इथूनच रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, त्यात तिच्या ओळखीची होती. हे मी पोरांना सांगत होतो तेवढ्यात उरणच्या मोरा बंदराची लाँच लागली, पाट्या घेऊन बायका उतरल्या, आणि मोठा म्हणाला, काका, आजोबांची बोट पण इथेच लागायची का? मी म्हटलं हो, इथेच. तो उठून कठड्यापाशी गेला आणि लाँच वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिला. गेटवे राहिलाच त्या दिवशी.