आर फेजचे साठ मेगओहम

साखर कारखान्यातल्या केबल वर्षातले पाच-सहा महिने बंद पडून असतात आणि त्यातले बहुतेक महिने पावसाळ्याचेच असतात. भार वाहणारी केबल स्वतःच्या उष्णतेने बऱ्यापैकी कोरडी राहते; बंद केबलच्या टोकांवर आणि सांध्यांत मात्र ओल मुरायला भरपूर अवधी मिळतो. त्यामुळे ऑक्टोबरात, गळीत हंगामाच्या तोंडावर, मेगरचा (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा कमी येण्याचे कोणाला नवल वाटत नाही. कृष्णाकाठच्या एका कारखान्यात आम्ही हंगामपूर्व चाचण्या करत होतो, तेव्हा असाच एक फीडर (वीज पुरवणारी केबल-लाइन) समोर आला. त्या दिवशी निर्णय घेताना जी ओढाताण झाली, ती या क्षेत्रातल्या तरुण मंडळींना उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

सहवीजनिर्मितीच्या 11 केव्ही (किलोव्होल्ट) बोर्डापासून मिल हाऊसच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाणारी ही तीन कोअरची, 240 चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची, आर्मर्ड (धातूच्या कवचाची) एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचे इन्सुलेशन असलेली) केबल होती. लांबी सुमारे 400 मीटर. परमिट घेऊन, ब्रेकर बाहेर काढून, दोन्ही टोकांचे लग (जोडणीचे धातूचे तुकडे) आम्ही मोकळे केले. हे न करता मेगर लावला, तर ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग आणि सर्ज अरेस्टरही (अतिदाबापासून वाचवणारे उपकरणही) त्याच आकड्यात मिसळतात आणि मग दोष नेमका कोणाचा ते कळत नाही. केबलच्या तीन कोअर म्हणजे आर, वाय आणि बी हे तीन फेज. 5 केव्हीला वाय आणि बी फेज 8,000 मेगओहमच्या वर दाखवत होते. आर फेज मात्र 9 मेगओहमवर येऊन थांबला.

पहिला संशय टोकांवर होता. ट्रान्सफॉर्मरच्या केबल बॉक्सचे गॅस्केट आर फेजच्या बाजूने फाटले होते आणि टर्मिनेशनवर (केबलच्या बंदिस्त केलेल्या टोकावर) बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, बारीक धूळ ओल धरून बसली होती. ती लगेच पुसून टाकण्याचा मोह आवरला, कारण पुसण्याआधी तिचा वाटा किती हे मोजून घेणे मला गरजेचे वाटत होते. टर्मिनेशनच्या पृष्ठभागावर उघड्या तांब्याच्या तारेचे दोन वेढे घट्ट गुंडाळून ती तार मेगरच्या गार्ड टर्मिनलला जोडली. पृष्ठभागावरून जाणारा गळतीचा प्रवाह यामुळे मोजमापातून वगळला जातो. अडचण एवढीच, की केबलला दोन टोके असतात आणि 400 मीटरवरच्या दुसऱ्या टोकाची गळती या टोकाच्या गार्डने अडत नाही. त्यासाठी निरोगी बी कोअर परतीची वायर म्हणून वापरली आणि तिच्यातून दूरच्या टोकावरही तसाच वेढा गार्डला जोडून घेतला. अशा वेळी दूरच्या टोकावरच्या कोअरलाही चाचणीचा विद्युतदाब असतो; म्हणून तिथे दोरी बांधून एक अनुभवी वायरमन उभा केला होता.

गार्ड लावल्यावर आकडा 9 वरून 62 वर गेला. मग टोके साफ केली, वाळवली आणि गार्डशिवाय पुन्हा मोजले, तेव्हा 60 आले. दोन्ही आकडे जुळले, म्हणजे पृष्ठभागाचा हिशेब संपला होता.

इथे कारखान्याचे मुख्य अभियंता मनापासून म्हणाले, “साहेब, केव्ही अधिक एक धरले तरी 12 मेगओहम पुरेत, आपले साठ आहेत. चार्ज करू, लोडने राहिलेली ओल निघून जाईल.” त्यांच्यावर बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख होती आणि त्यांची घाई मला पूर्ण समजत होती. पण केव्ही अधिक एक (केव्हीच्या आकड्यात एक मिळवून येतील तितके मेगओहम किमान हवेत) हा आडाखा मोटर आणि अल्टरनेटरच्या वाइंडिंगसाठी रूढ झालेला आहे. एक्सएलपीई केबल त्यावर पास करणे मला कधीही मान्य झालेले नाही. केबलचा रोध तिच्या लांबीनुसार बदलतो, आणि एकाच आवरणातल्या तीन कोअरचे वय, तापमान आणि लांबी एकच असते. त्यातले दोन 8,000 च्या वर आणि तिसरा साठवर असेल, तर ते साठ किमान मर्यादेच्या कितीही वर असोत, त्या कोअरमध्ये काहीतरी बिघडलेले असते.

खात्रीसाठी दाब पायरीपायरीने वाढवला. आर फेज 1 केव्हीला 210, 2.5 केव्हीला 130 आणि 5 केव्हीला 60 मेगओहम दाखवत होता. दाब वाढताना रोध असा घसरत जाणे हे ओलीचे किंवा चीर गेलेल्या इन्सुलेशनचे लक्षण असते. शाबूत इन्सुलेशन तिन्ही दाबांना जवळपास सारखेच उत्तर देते. चालू स्थितीत या कोअरवर जमिनीच्या सापेक्ष 6.35 केव्ही असणार होते, म्हणजे आमच्या चाचणीपेक्षाही जास्त. हे तीन आकडे कागदावर लिहून दाखवल्यावर अभियंत्यांनी वाद थांबवला आणि स्वतःच केबलचे जुने रजिस्टर काढून आणले.

रजिस्टरमध्ये उत्तराची दिशा होती. आदल्या हंगामानंतर पोकलेनच्या बकेटने केबलला इजा झाली होती आणि मिल हाऊसजवळच्या गटाराला लागून एक स्ट्रेट-थ्रू जॉइंट (केबलचे दोन तुकडे जोडणारा सांधा) मारलेला होता. मेगओहममधला असा दोष टीडीआरच्या (केबलमध्ये स्पंद सोडून दोषाची जागा शोधणाऱ्या यंत्राच्या) कमी दाबाच्या स्पंदाला दिसत नाही, त्यामुळे जॉइंट उघडणे हाच सरळ मार्ग होता. खड्ड्यातले पाणी उपसले आणि जॉइंटरने बाहेरची हीट श्रिंक नळी कापली. एका टोकाला मॅस्टिक (पाणी अडवणारा चिकट लेप) केबलच्या आवरणाला चिकटलेच नव्हते. त्याखाली वाळलेल्या मातीचा पातळ थर होता, म्हणजे जॉइंट करताना आवरण नीट पुसलेच गेले नव्हते. आत तांब्याची स्क्रीन टेप हिरवी पडली होती. आर कोअरची नळी फेरुलच्या (कंडक्टर जोडणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) एका कडेला पूर्ण आवळली गेली नव्हती आणि फेरुलवर पांढरी भुकटी साचली होती. सेमिकंडक्टिंग (इन्सुलेशनवरचा अर्धवाहक) थर सोलताना पात्याने इन्सुलेशनवर ओढलेली गोल खूणही स्पष्ट दिसत होती. हे सगळे तिन्ही कोअरमध्ये थोडेफार होते. पाणी आर कोअरमध्ये आधी पोचले, इतकेच.

जॉइंट कापून दोन्ही तुकडे वेगवेगळे मोजले, तेव्हा तिन्ही फेज 8,000 च्या वर आले. तरीही कापल्या जागीच नवा जॉइंट मारणे शक्य नव्हते, कारण गटाराच्या बाजूच्या कंडक्टरच्या तारांमध्ये ओल शिरली होती. तारा कोरड्या मिळेपर्यंत केबल मागे कापत जावी लागली आणि मधला तुकडा नव्या केबलचा घालून एकाऐवजी दोन जॉइंट करावे लागले. खर्च वाढला, रात्रही त्यातच गेली. एक्सएलपीईवर डीसी हायपॉट (उच्च डीसी दाबाची चाचणी) टाळावा, असे माझे ठाम मत आहे, कारण इन्सुलेशनमध्ये साठून राहणारा विद्युतभार पुढे केबललाच मारक ठरू शकतो. म्हणून शेवटची चाचणी 0.1 हर्ट्झच्या व्हीएलएफ (अतिकमी वारंवारतेच्या एसी दाबाच्या) यंत्राने घेतली. डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग बराच वेळ तसेच ठेवले, मग लग जोडले आणि फीडर आधी विनाभार चार्ज केला.

केबल बॉक्सला नवे गॅस्केट बसले, दोन्ही जॉइंटवर मार्कर लागले आणि गटार केबलच्या मार्गापासून दूर वळवण्याचे काम सिव्हिल विभागाने अंगावर घेतले. रजिस्टरमध्ये त्या दिवसापासून तिन्ही फेजचे आकडे शेजारी-शेजारी आणि मोजतानाच्या तापमानासह लिहिले जातात. आधी तिथे फक्त ‘ओके’ असा शेरा असायचा.