लेझर शॉकने धातू आणि कार्बन कंपोझिट फोडताना: माझा अनुभव

लेझर शॉक चाचणीत, म्हणजे लेझरच्या क्षणिक पल्सने पदार्थाची ताकद तपासताना, नमुन्यावर मारा पुढून होतो, पण तो फुटतो मागच्या बाजूला. पल्समुळे निघालेली दाबाची लाट मागच्या मोकळ्या पृष्ठभागावरून परतते तेव्हा दाब उतरवत येते. पल्सच्या शेपटीमुळे दाब आधीच उतरत असतो. दोन्ही उतार आत एकमेकांना भेटले की तिथे ओढ तयार होते, आणि ती पदार्थाला सोसवली नाही की स्पॉल पडतो, म्हणजे पदार्थ आतून फाटतो.

मी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर, १० नॅनोसेकंदांचा पल्स आणि ४ मिमीचा ठिपका वापरतो. ५ जूल ऊर्जेला तीव्रता साधारण ४ गिगावॅट प्रति चौरस सेंटिमीटर येते आणि पाण्याच्या थराखाली अॅल्युमिनियमवर दाब ३ गिगापास्कलच्या आसपास मिळतो. १–२ मिमीचा हा पाण्याचा थर प्लाझ्माला (लेझरने तयार झालेल्या तप्त, विद्युतभारित वायूला) कोंडून धरतो. तो नसेल तर दाब कित्येक पटींनी पडतो. मात्र तीव्रता १० गिगावॅटच्या आसपास गेली की पाण्यातच प्लाझ्मा पेटतो. ऊर्जा वाढवूनही मागच्या पृष्ठभागाचा वेग वाढेनासा झाला, तर आधी हीच शंका घ्यावी.

पुढच्या बाजूला अॅल्युमिनियमची चिकटपट्टी रोलर फिरवून लावतो. पट्टीखाली राहिलेला हवेचा फुगा लाट अडवतो आणि नमुना उगाचच मजबूत वाटतो. प्रत्येक शॉटला पट्टी नवी. ठिपका जाडीच्या निदान तीन-चार पट असावा, नाहीतर कडेने येणाऱ्या लाटा मध्यावर एकवटतात आणि एकमितीय हिशेब कोलमडतो.

धातूचं वाचन तसं सरळ आहे. विझार या वेगमापकावर मागच्या पृष्ठभागाचा वेग चढतो, घसरतो आणि स्पॉल पडला की पुन्हा उसळतो. शिखर आणि उसळीआधीचा तळ यांतला फरक घ्यायचा, त्याला घनता आणि ध्वनिवेगाने गुणून निम्मं करायचं. अॅल्युमिनियममध्ये १०० मीटर प्रति सेकंद फरकाला, ५३५० मीटर प्रति सेकंद ध्वनिवेग धरून, सुमारे ७२० मेगापास्कल येतात. काप पॉलिश करून पाहिला की पोकळ्या तयार होतात-वाढतात-जुळतात तो सगळा क्रम एकाच फटीच्या टोकांशी दिसतो. लवचिक धातूत फुटलेल्या पृष्ठभागावर खळगे असतात.

कार्बन कंपोझिटमध्ये खरी कसोटी लागते. धातूत तडा कुठे पडणार हे मुख्यतः लाटच ठरवते. इथे दोन प्लायमधला (कार्बन तंतूंच्या थरांमधला) रेझिनचा थर आधीच कमजोर जागा धरून बसलेला असतो. ओढ जास्तीत जास्त असेल तिथेच थर सुटेल असं नाही, वाटेत आधी कमजोर पातळी आली तर तोच सुटतो. जाडीच्या दिशेने लाटेचा वेग सुमारे ३ किमी प्रति सेकंद, म्हणजे १० नॅनोसेकंदांच्या पल्सची लांबी फक्त ३० मायक्रॉन, आणि एका प्लायची जाडी १३० ते २५० मायक्रॉन. त्यात लाट पसरते, क्षीण होते, तंतूंवर विखुरते. त्यामुळे विझारची वक्ररेषा गुळगुळीत होते आणि उसळी नीट ओळखू येत नाही. एकट्या वक्ररेषेवरून कंपोझिटची ताकद ठरवणं मला मुळीच पटत नाही.

मागची बाजू काळी असल्याने परावर्तनासाठी तिथे पट्टी चिकटवायचा मोह होतो. तो टाळावा: पट्टी आधी सुटते आणि आपण पट्टीचाच वेग मोजत बसतो. व्हॅक्यूममध्ये अॅल्युमिनियमचा पातळ मुलामा द्यावा.

शॉटनंतर मागे फोड आला आहे का ते तिरक्या प्रकाशात पाहतो. एकदिशा थरांत तो तंतूंच्या दिशेने लांबट असतो. फोड नसला म्हणून नमुना शाबूत धरू नये, आतला थर न फुगताही सुटलेला असू शकतो. म्हणून अल्ट्रासाउंड सी-स्कॅन (न कापता आतल्या सुटलेल्या जागांचा नकाशा) आधी आणि काप नंतर. काप हिऱ्याच्या पात्याने, हळू गतीने, नमुना इपॉक्सीत बसवून घ्यावा. त्याच पत्र्याचा शॉट न दिलेला तुकडाही त्याच सेटिंगवर कापावा, कारण पातंही थर सोडवतं आणि ती फट शॉकच्या फटीसारखीच दिसते.