हेझलनटच्या बागेतला पियानो: सप्टेंबरअखेर जाऊ नका

‘पार्किंगपासून पाच मिनिटं’ हे बागेतल्या या पियानो मैफिलीच्या तिकिटावरचं वाक्य साफ खोटं आहे. वीस मिनिटं लागतात, तीही घोटाभर धुळीतून.

बाग ओरेगनमधल्या न्यूबर्गच्या पुढे, विलामेट खोऱ्यात. अमेरिकेतलं जवळपास सगळं हेझलनट याच खोऱ्यात पिकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळं आपोआप गळतात, यंत्र ती झाडून ओळीत लावतं, दुसरं यंत्र उचलतं. त्यासाठी जमीन आधीच अंगणासारखी सपाट करून ठेवतात. गवताची काडी नसते, त्यामुळे पाऊल टाकलं की पिठासारखी माती उडते, आणि गळलेली फळं बुटाखाली गोट्यांसारखी घरंगळतात. वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे साडेसहालाच आत काळोख. जाताना निभावतं, परतताना विजेरी नसेल तर पाय मुरगळलाच समजा. पडलेल्या फळांवर पाय देऊ नका. ती मातीत रुतली की यंत्राला सापडत नाहीत, आणि ते शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक आहे. दमा असणाऱ्यांनी मास्क न्यावाच.

बसायची जागा नीट निवडा. पियानोचं झाकण वादकाच्या उजवीकडे उघडतं, आवाज तिकडेच येतो. डावीकडे बोटं दिसतात, पण नाद पातळ लागतो. उघड्यावर आवाज परतवायला भिंती नसतात, मागे बसलात तर खर्जातले स्वर विरून जातात. पियानोवादक हंटर नोआक 2016 पासून ट्रेलरवर पियानो घेऊन ओरेगनभर उघड्यावर वाजवतात, ते श्रोत्यांना वायरलेस हेडफोन देतात. इथे हेडफोन नाहीत, म्हणून पुढच्या तीन-चार रांगा सोडू नका. सूर्य कलला की तारा गार होऊन आवळतात आणि सूर चढतो, सगळ्यांचा सारखा नाही. मध्यंतरात सूर लावणारा पुन्हा बसला तर घाई करू नका, उत्तरार्ध त्यामुळेच ऐकण्याजोगा होतो.

हिल्सबरोकडून येणाऱ्यांनी 219 नंबरचा रस्ता धरावा. वळणं आहेत, पण शुक्रवारी संध्याकाळी 99 डब्ल्यू महामार्गावर टिगार्ड-शेरवूडमध्ये अडकण्यापेक्षा बरा.

स्टॉलवर कवचासकट हेझलनट स्वस्त वाटतं, पण किलोला गर निघतो जेमतेम 400 ते 450 ग्रॅम. हिशोब करूनच घ्या. ओलं तर अजिबात घेऊ नका, कच्चट लागतं. कवच काढलेला गर आणलात तर 150 अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटं भाजून गरम असतानाच पंच्यात चोळा, कडवट साल सुटते.

जुलैतली तारीख मिळाली तर डोळे मिटून घ्या. काढणी नसते, आणि नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो.